होटगीची मुंबई

सोलापुरात तेव्हा टीव्ही दिसत नव्हता. हे आधीच सांगून टाकतो, कारण दिसत असता तर ईरप्पाला एवढं मोठं खोटं रेटताच आलं नसतं. पेठेतल्या एका व्यापाऱ्यानं हौसेनं टीव्ही आणून बैठकीत ठेवला होता म्हणे, पण त्यात नुसत्या मुंग्याच वळवळायच्या. शेवटी त्यानं त्यावर चादर टाकून दिली.

ईरप्पा रेल्वेत पार्सल क्लार्क. बाळीवेशीत दोन खोल्या, बायको महानंदा, मूलबाळ नाही. दोघांना नाद एकच, कोड्यांचा. पुण्याला मावसभावाकडे गेले असताना त्यांनी मुंबईचा ‘अक्षर-आकडा’ पाहिला आणि दोघंही येडे होऊन परत आले. टीव्ही सुरू झाल्यापासून दर आठवड्याला चालत आलेला खेळ तो. एका फेरीत नऊ अक्षरं द्यायची, त्यातून सगळ्यात लांब शब्द काढायचा. दुसऱ्या फेरीत सहा आकडे द्यायचे, गुणा, भागा, मिळवा, वजा करा, पण सांगितलेली संख्या आणा. वेळ अर्धं मिनिट. जिंकला तो पुढच्या आठवड्याला पुन्हा, हरला तो घरी. सलग दहा आठवडे जिंकेल त्याला चांदीची ढाल.

मग काय, घरात रोज जेवणानंतर तोच खेळ. महानंदा सातवीपर्यंत शिकलेली, पण आकड्यांत ईरप्पाला कधी पुढं जाऊ द्यायची नाही. त्याचा अर्जही तिनंच भरायला लावला. “तू जा की, तूच हुशार हाईस,” तो म्हणाला होता. “अय्यो शिवा! त्या उजेडात मी बसू व्हय? तुमी जावा. मी हितनं जिंकते,” ती हसून म्हणाली.

मुंबईहून बोलावणं यायला आठ महिने लागले. तेवढ्यात तिच्या पोटात गाठ निघाली, आणि मोठ्या डॉक्टरांनी ईरप्पाला बाहेर बोलावून हात टेकले. दोन महिने, फार तर तीन. आतल्या खाटेवरून महानंदानं त्याचं तोंड बघितलं आणि काय ते समजली.

“मी जात न्हाय मुंबईला,” ईरप्पा म्हणाला.

“जायाचं. दहाच्या दहा जिंकायचं,” ती म्हणाली. “ती ढाल बघितल्याबिगार मी बी कुटं जात न्हाय.”

आता माणूस मरणाला असली अट घालू शकतो का? नाही. पण ईरप्पाला ती पटली. शहाणासुरता, चष्मेवाला माणूस, पण दहा आठवडे जिंकलो तर ही दहा आठवडे जगेल, हे त्याच्या डोक्यात जे घुसलं ते निघेना. महानंदाची धाकटी बहीण गौरम्मा मैंदर्गीहून येऊन राहिली. ईरप्पा शुक्रवारी ड्युटी संपवून मुंबईची गाडी धरायचा, शनिवारी खेळायचा, रविवारी सकाळी घरी. आल्या आल्या खाटेशी बसून अख्खा खेळ तिला पहिल्यापासून सांगायचा. गौरम्मा म्हणायची, “अगं, पेज तरी पी आधी.” पण हिचं आपलं, “थांब गं. पुढचे आकडे काय हुते ओ?”

चार आठवडे तो जिंकला. आणि खरं सांगायचं तर महानंदाचं जेवणही दोन घास वाढलं.

पाचव्या आठवड्याला तो हरला. समोर पंचाहत्तर, पाच, नऊ, तीन आणि आणखी दोन आकडे, आणायचे होते तीनशे अठ्ठेचाळीस. पंचाहत्तर पाचे तीनशे पंचाहत्तर एवढं झालं, आणि पुढं त्याला खाटेवरची महानंदा दिसायला लागली ती दिसतच राहिली. घंटा झाली. शेजारच्या बाईनं उत्तर दिलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि ईरप्पा घरी निघाला. अख्ख्या वाटेवर तो एकच वाक्य घोळवत होता, ‘महानंदा, मी हरलो.’

घरी आला तर ती उशीला टेकून वाटच बघत होती. “आकडे सांगा आधी!”

त्यानं सांगितले. महानंदानं डोळे मिटले, आणि अर्धं मिनिट कशाला, दहा मोजायच्या आत म्हणाली, “पंचाहत्तर पाचे तीनशे पंचाहत्तर. त्यातनं नऊ त्रिक सत्तावीस काढा. झालं की! लई सोपं दिलं ओ ह्या बारीला. जिंकला की तुमी! पाच झाले!”

तिच्या तोंडावर जे हसू आलं ते बघून ईरप्पाची मान आपोआप हलली. व्हय म्हणून. बस्स, एवढंच. तोंडानं तो एक अक्षर बोलला नव्हता.

पण एकदा मान हलली की पुढच्या शुक्रवारी घराबाहेर पडणं आलं. मुंबईत तर काम उरलं नव्हतं. जायचं कुठं? ईरप्पा स्टेशनवर गेला, मुंबईची गाडी सोडून दिली आणि उलट्या दिशेची पॅसेंजर धरून होटगीला उतरला. तिथं रूळ बदलणारा पॉइंट्समन ज्ञानबा त्याचा जुना दोस्त होता. त्याच्या खोलीत दोन रात्री काढायच्या, आणि शनिवारभर फलाटाच्या बाकावर बसून न झालेला खेळ रचायचा. महानंदाला फसवणं सोपं नव्हतं. आकडे असे हवेत की तिला जरा वेळ लागेल, पण सुटतील. समोरचा खेळणारा कधी नाशिकचा वकील, कधी दादरची मास्तरीण. मरमर मरून रचायचा बिचारा.

“अरं येड्या, घरी जा की,” ज्ञानबा त्याच्यावर खेकसायचा. “बायको तितं झुरायली आणि तू हितं गणितं करतूस व्हय?”

“दहा होऊ दे रं. दहापतूर ती टिकतीय बघ.”

“आणि दहा झाल्यावर ढाल कुटनं आणणार?”

“तांबट आळीत बनवून घीन,” ईरप्पा म्हणाला. त्याला खरंच तसं वाटत होतं. ज्ञानबानं कपाळावर हात मारला.

सहावा आठवडा गेला, सातवा गेला. महानंदा वाळत चालली होती, पण रविवारी सकाळी डोळे उघडायची. सातव्या आठवड्याचा आकडा सोडवायला मात्र तिला फार वेळ लागला. मग निघायच्या आदल्या दिवशी तिनं त्याचा हात धरला. “ह्या शुक्रवारी न्हाय गेलं तर चालंल न्हवं?”

ईरप्पाला वाटलं, ही धीर सोडायला लागली. आता तर जायलाच हवं. “तीनच राहिले की गं,” तो म्हणाला. तिनं हात सोडला.

आठव्या आठवड्याचा रविवार. ईरप्पा गल्लीत शिरला तर दारात माणसं. बाहेरच्या खोलीत महानंदाला, त्यांच्यात मयताला बसवतात तसं, भिंतीला टेकवून बसवलं होतं, कपाळभर विभूती, गळ्यात हार. कन्नडमधून भजन चाललं होतं, ते त्याला बघून थांबलं. कुणी उठून जवळ आलं नाही. सगळे त्याच्याकडं नुसते बघत होते.

“कवा?” ईरप्पानं विचारलं.

“काल दिवे लागायच्या वक्ताला,” गौरम्मा म्हणाली. तिचे डोळे कोरडे होते आणि आवाजात राग होता. “सकाळपासनं घाबरी झालती. मी मुंबईला तार केली, दाजी. टीव्हीवाल्यांची उलट तार आली दुपारी. तारवाल्यानं हितंच वाचली, खाटंपाशी. ईरप्पा म्हणून गडी तीन आठवड्यांमागंच हरून गेला, त्यो हितं न्हाय.”

“तिनं ऐकलं?”

“ऐकलं की.”

“काय म्हणाली?”

गौरम्माचा राग ओसरला आणि ती रडायला लागली. “म्हणाली, हरले व्हय? मग मुंबईत न्हाईत. म्हंजे जवळच असतील कुटंतरी. आता येतील बघ. दाराकडं तोंड करून बसव मला. मी बसवली. दिवे लागंपतूर दाराकडंच बघत हुती, दाजी. कुटं हुता तुमी?”

सगळी गल्ली ऐकत होती. कुणाच्या मनात काय आलं असेल ते आलंच असेल, आणि ईरप्पाला ते कळत होतं. त्याला त्याचं काही वाटलं नाही. तो महानंदाच्या पायाशी खाली बसला आणि तिलाच सांगितल्यासारखं म्हणाला, “होटगीला.”

अर्ध्या तासाची वाट.