मुहूर्तावरचा ब्लोअर

माझी नात उपासना हिचं लग्न झालं ते २०२३ साल. लग्नात वरातीला आमच्या शेजारच्या उल्हासरावांची गाडी होती. चौतीस सालची फोर्ड, आत सत्तरच्या दशकातलं आठ सिलिंडरचं इंजिन. नवरदेव घाबरून दार धरून बसला होता, इतकी ती तेव्हाच पळायची.

उल्हासराव तीस वर्षं इथे अमेरिकेत, मिशिगनला, मोटारींच्या कारखान्यात इंजिनिअर होते. दाराची रबरं बनवायच्या खात्यात. आमच्या ट्रॉय गावातले सगळे मराठी लोक मात्र इंजिनाबद्दल त्यांनाच विचारायचे. मी नागपूरच्या एसटी आगारात फिटर होतो, मला कुणी विचारत नसे.

दर ऑगस्टात वुडवर्डच्या रस्त्यावर जुन्या गाड्यांची मिरवणूक निघते. उल्हासराव आणि त्यांच्या पत्नी रेखाताई बावीस वर्षं तिच्यात जात. त्या साली मार्चमध्ये डॉक्टरांनी सांगितलं होतं की रेखाताई पुढच्या वर्षीचा ऑगस्ट बघतील असं वाटत नाही.

"अहो, मला यंदा फक्त मिरवणुकीत बसायचंय," त्या म्हणाल्या.

"बसशील गं. पण यंदा लोक वळून बघतील!"

लोकांना वळवायला उल्हासरावांनी सुपरचार्जर मागवला. त्याला ते लाडानं ब्लोअर म्हणत. इंजिनाच्या पट्ट्यावर फिरणारा हा डबा सिलिंडरमध्ये जास्तीची हवा कोंबतो. हवा जास्त, पेट्रोल जास्त, ताकद जास्त. उल्हासरावांनी बॉनेटला भोक पाडून तो वर बसवला. चकचकीत, डोक्यावर हंडा घेतल्यासारखा.

माझा आक्षेप हंड्याला नव्हता. दहा वर्षांपूर्वी यांनीच हौसेनं उंच डोक्याचे पिस्टन बसवले होते. त्यामुळे आत आधीच दाब जास्त. त्यावर आणखी हवा कोंबली की पेट्रोल वेळेआधी भडकतं आणि पिस्टनला हातोडा बसतो. पिस्टन बदलायलाच हवे होते.

जुलैतल्या एका शनिवारी त्यांनी गल्लीत दोन फेऱ्या मारल्या. मी इंजिनातला एक स्पार्क प्लग काढला. अक्षरं मी चाळिशीत शिकलो, पण प्लग त्याच्या आधीपासून वाचतो. पांढऱ्या चिनी मातीवर चांदीसारखे बारीक ठिपके होते. पिस्टनचं ॲल्युमिनियम वितळून चिकटलेलं.

"इंजिन उघडा. पिस्टन बदला. तीन आठवडे लागतील, मिरवणुकीला पोचाल."

"ईश्वरभाऊ, तुमचा जन्म डिझेलमध्ये गेला. हे परफॉर्मन्स इंजिन आहे. मी सगळं एक्सेलमध्ये कॅल्क्युलेट केलंय."

"मग एक्सेलला प्लग दाखवा."

"आणि उद्या दहा चाळीसचा मुहूर्त आहे. पन्नास लोक बोलावलेत, कॅन्सल कसं करणार?"

"मुहूर्त पुण्याचा की मिशिगनचा?"

ते हसले नाहीत. त्यांच्या भावानं पुण्याहून पंचांग बघून कळवला होता.

मी पाना खाली ठेवला. आगारातसुद्धा असंच. साहेब ऐकत नाही, मग फिटर एकदा सांगतो आणि चहाला जातो. गाडी घाटात बंद पडली की साहेबच धावत येतो. मला त्या क्षणी त्याचीच चव लागली होती, हे लपवत नाही.

रविवारी गाडीला हार, चाकाखाली लिंबू, ब्लोअरवर कुंकवाचं स्वस्तिक. ब्लोअरचं हवा ओढायचं तोंड फुलांनी झाकून आरती! मी बुद्धाचा माणूस, मला हे सगळं पोरखेळ वाटतं, पण त्या दिवशी मी हात बांधून उभा होतो. रेखाताई ओवाळून माझ्याकडे आल्या. डोक्याला रुमाल, हातात ताट.

"भाऊ, तुम्हाला कळतं यातलं. सगळं ठीक आहे ना?"

त्यांना 'नाही' म्हटलं असतं तर त्यांनी तिथेच चावी काढून घेतली असती. त्या तशाच होत्या. मी म्हणालो, "साहेबांना विचारा."

दहा चाळीसला इंजिन सुरू झालं. सगळे ओरडले, फोन वर झाले. उल्हासराव एकटेच कोपऱ्यापर्यंत गेले, वळले आणि आपल्या अंगणासमोर पाय दाबला. आधी पत्र्याच्या डब्यात खडे हलवावेत तसा आवाज, मग एक धाडकन, मग निळा धूर. चौथ्या पिस्टनला बोट जाईल एवढं भोक पडलं होतं, हे नंतर इंजिन उघडल्यावर दिसलं. तेलाचा ओघळ लिंबापर्यंत आला.

"क्वालिटी खराब निघाली पेट्रोलची," उल्हासराव म्हणाले. पन्नासातल्या एकानंही विचारलं नाही, पेट्रोलच का? सगळे मान हलवून शिरा खायला आत गेले.

सिलिंडर घासून द्यायला मशीनवाल्यानं ऑक्टोबर सांगितला.

ऑगस्टच्या मिरवणुकीला आम्ही फुटपाथवर घडीच्या खुर्च्या टाकून बसलो. प्रत्येक ब्लोअरवाली गाडी गेली की उल्हासराव त्याची किंमत आणि चूक सांगायचे. शेवटी मी रेखाताईंना सांगितलं, मला आदल्या दिवशीच माहीत होतं.

"मला वाटलंच होतं," त्या म्हणाल्या. "तुम्ही दोघांनी आपापलं खरं केलंत. मी मात्र फुटपाथवर."

उल्हासरावांकडे यालाही उत्तर असतं, पण त्यांचं लक्ष रस्त्याकडे होतं.

इंजिन स्टँडवर उघडं असतानाच, सोमवारी, ६ नोव्हेंबर २०२३ रोजी सकाळी रेखाताई वारल्या.