आपोआप वाढणारा पाणघोडा

आत्या भावाकडे चार दिवसांसाठी म्हणून राहायला आली होती, आणि ते चार दिवस काही केल्या संपत नव्हते. तक्रार मात्र कोणाचीच नव्हती. ती बंदरात क्रेन चालवायची. पहाटेची पाळी धरून उंच केबिनमध्ये बसायचं, दोन हातांत दोन दांडे घ्यायचे, जहाजावरचा कंटेनर उचलायचा आणि खाली उभ्या ट्रकवर असा अलगद ठेवायचा की ड्रायव्हरच्या हातातला चहासुद्धा हिंदकळू नये. दुपारी ती घरी यायची तेव्हा घरात चिटपाखरूही नसायचं. दादा आणि वहिनी आपापल्या कामावर असायचे आणि भाची शाळेत.

भाचीला सगळे ठिणगी म्हणायचे, आणि ते का, हे तिला एकदा चिडवून बघितलं की कळायचं. वय वर्षं दहा. तिच्याकडे पुतळ्यांचा गेम होता. टीव्हीला जोडलेला एक गोल चौथरा, त्यावर मुठीएवढा पुतळा ठेवला की चौथरा उजळायचा आणि तोच प्राणी पडद्यावर धप्पकन उडी मारून हजर व्हायचा. पुतळ्याच्या पायाखालच्या चकतीत इवलीशी चिप असायची. त्याचं नाव काय, तो कोणत्या लेव्हलला पोचला, किती शहाणा झाला, हे सगळं त्या चकतीत. त्यामुळे पुतळा खिशात घालून मैत्रिणीच्या घरी नेला तरी तो आपली अक्कल बरोबर घेऊन जायचा. ठिणगीकडे असे डझनभर होते, पण जीव एकावरच. चिलखत घातलेला, खांद्यावर जहाजाचा नांगर टाकलेला पाणघोडा. त्याचं नाव तिने ढब्बू ठेवलं होतं.

आत्याला हे सगळं थोतांड वाटायचं, आणि आत्याला जे वाटायचं ते जेवणाच्या टेबलावर सगळ्यांना ऐकावं लागायचं.

"हातात एक प्राणी आहे. तो ठेवायचा बाजूला आणि टीव्हीतला पळवायचा. मग हातातल्याने काय घोडं मारलंय?"

"आत्या, तोच तो असतो!"

"तोच कसा? हा इथे बसलाय, तो तिथे पळतोय. दादा, मी सांगते, दिवसाला अर्धा तास. त्याच्यावर एक मिनिट नाही. डोळ्यांची माती होते."

दादाने मान डोलावली. अर्ध्या तासाचा कायदा झाला तो असा, आत्याच्या तोंडून.

आणि मग एका दुपारी तिने टेबल पुसायला घेतलं. चौथऱ्यावर ढब्बू तसाच राहिला होता. तिने तो उचलला, खाली फडकं फिरवलं, परत ठेवला. चौथरा उजळला. पडद्यावर ढब्बूने उडी मारली आणि एका लाकडी पुलाच्या मधोमध उभा राहून तो आत्याकडे बघत बसला. बिचारा ना इकडे ना तिकडे. काही मध्येच लोंबकळत ठेवणं आत्याच्या रक्तातच नव्हतं. याला नुसतं पलीकडे नेऊन सोडू, असं म्हणून तिने कंट्रोलर हातात घेतला. अंगठ्यांखाली दोन छोटे दांडे होते. हात आपसूक बसले. तिने मान वर केली तेव्हा ऊन एका खिडकीतून दुसऱ्या खिडकीत गेलं होतं आणि ढब्बू दोन लेव्हल पुढे गेला होता.

दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी तर तिने जेवण उभ्याउभ्याच उरकलं.

ती खेळायची मात्र आपल्या पद्धतीने. पळापळ नाही, आरडाओरडा नाही. वाटेतली खोकी ती नांगराने उचलून एकावर एक नीट रचायची. राक्षस अंगावर आला तर त्यालाही उचलून खड्ड्यात सावकाश उतरवायची. खेळून झालं की पुतळा होता तसा, होता त्या तोंडाने ठेवायचा. याचा पत्ता कोणाला लागणं शक्य नव्हतं, असा तिचा समज होता. चकतीला सगळं लक्षात राहतं, हे ती सोयीस्कर विसरली होती.

"ढब्बू नवव्या लेव्हलला!" ठिणगी किंचाळली. "काल तर सहावर होता! आई, बाबा, तो आपला आपण सराव करतो!"

खालच्या मजल्यावरची मैत्रीण त्या वेळी तिथेच होती. तीही दहाच वर्षांची, पण प्रत्येक गोष्टीला पुरावा मागायची म्हणून तिला सगळा जिना वकीलीणबाई म्हणायचा.

"पुरावा?" वकीलीणबाई म्हणाली.

"हा काय समोर! नऊ!"

"हा वाढल्याचा पुरावा झाला. आपोआप वाढल्याचा कुठाय?"

दादा कपाळाला आठ्या घालून ऐकत होता. विम्याचे दावे तपासणं हे त्याचं काम. दिवसभर लोकांच्या थापा ऐकून घरी आलेल्या माणसाला घरात थाप सहन होत नाही.

"ठिणगे, आपोआप काही होत नसतं," तो म्हणाला. "आपोआप पेटलेली गोदामं मी रोज बघतो. तू लपून खेळतेस. खेळलीस याचा मला राग नाही. खोटं बोलतेस याचा आहे."

"मी नाही खेळले!"

"पुन्हा असं झालं, तर सगळे पुतळे मावसभावाला देऊन टाकीन."

मावसभाऊ दीड वर्षाचा होता आणि हाती येईल ते चावायचा. ठिणगीने ढब्बूला पोटाशी धरलं. आत्या समोरच बसली होती. 'अरे, मी खेळते' एवढे तीन शब्द होते, ते अगदी ओठांवर आले होते. पण त्यांच्यामागे डोळ्यांची माती, घोडं मारणं आणि अर्ध्या तासाचा कायदा अशी सगळी भाषणं रांगेत उभी राहिली, आणि आत्याने ते शब्द घासाबरोबर गिळले.

पण तिने एक नामी युक्ती काढली, निदान तिला ती नामी वाटली. दुसऱ्या दिवशी पाळी संपवून ती थेट खेळण्यांच्या दुकानात गेली आणि तस्साच पाणघोडा मागितला.

"मूल केवढं आहे?" दुकानदाराने विचारलं.

"सेहेचाळीस," आत्या म्हणाली, आणि मग घाईने, "म्हणजे, दहा."

"सेहेचाळीसवाले बरेच येतात," दुकानदार म्हणाला आणि पुतळा कागदात गुंडाळू लागला.

आता आत्याचा पाणघोडा तिच्या डब्याच्या पिशवीत राहायचा आणि दुपारी बाहेर यायचा. ढब्बूला ती हातही लावत नव्हती. ज्याचं त्याच्यापाशी. झालं, आपण प्रश्न मुळापासून सोडवला, असं म्हणत ती दोन दिवस स्वतःवर खूश होती.

तिसऱ्या दिवशी दादाने ठिणगीला समोर बसवलं.

"मी बोललो आणि ढब्बूचं वाढणं थांबलं. बरोबर? मग तो आपोआप वाढत होता की तू वाढवत होतीस?"

"मी नाही खेळले!"

"अजूनही खोटंच? मग रविवारी पुतळे मावसभावाकडे," दादा म्हणाला. आत्याच्या हातातला पेला तोंडापर्यंत जायचाच राहिला. भाचीला वाचवायला म्हणून काढलेल्या युक्तीने तिच्यावर शिक्काच मारला होता.

वकीलीणबाईने निकाल सगळ्या जिन्यात पोचवला. ठिणगी थापा मारते, हे चारी मजल्यांना कळलं. त्या संध्याकाळी ठिणगी आत्याच्या पलंगाच्या काठावर येऊन बसली.

"तुझा तरी आहे ना माझ्यावर विश्वास?"

"शंभर टक्के," आत्या म्हणाली.

"का पण? कोणाचाच नाही."

आत्याने नुसते ठिणगीचे केस मागे सारले, आणि आपण किती भित्र्या आहोत हे तिला त्या क्षणी लख्ख कळलं. तेवढ्या उंचीवर वाऱ्यात डुलणाऱ्या केबिनमध्ये बसणारी बाई, आणि घरातल्या तीन माणसांना घाबरली होती.

रविवारी दादाने खोकं आणलं. ठिणगी एकेक पुतळा त्यात ठेवत होती. रडत नव्हती, आणि तेच बघवत नव्हतं. वकीलीणबाई दारात साक्षीदार म्हणून उभी होती. ठिणगीने शेवटी ढब्बूला उचललं.

"थांब," आत्या म्हणाली. "दादा, ती खरं बोलतेय. मी खेळत होते. रोज दुपारी."

दादा हसला. चांगला मोकळेपणाने हसला.

"तू? तू तर टीव्हीचा आवाज कमी करायलासुद्धा मला हाक मारतेस."

"वन्सं," वहिनी समजुतीच्या सुरात म्हणाली, "भाचीवर माया आहे, कळतं आम्हाला. पण तिच्यासाठी तुम्ही कशाला खोटं बोलताय?"

"अगं, खोटं नाही बोलत मी!"

"पुरावा?" दारातून आवाज आला.

आत्याचे कान तापले. आपण खरं सांगतोय आणि समोरची माणसं प्रेमाने मान हलवतायत, ही काय चीज असते ते तिला आता कळलं. ठिणगी हे आठवडाभर सोसत होती. आत्या उठली, स्वयंपाकघरातून डब्याची पिशवी आणली, तीतून आपला पाणघोडा काढला आणि ठक्कन चौथऱ्यावर ठेवला.

चौथरा उजळला. पाणघोड्याने पडद्यावर उडी मारली. त्याच्या डोक्यावर अक्षरं उमटली आणि वकीलीणबाईने ती मोठ्याने वाचली.

"ढब्बूची आत्या. लेव्हल एकवीस."

नाव टाकताना आत्या एकटीच होती. कोण बघणार आहे, म्हणून तिने मनात आलं ते टाकलं होतं. आता सगळं घर ते बघत होतं आणि कुठे तोंड लपवावं हे तिला कळेना.

"नाव कोणीही टाकू शकतं," वकीलीणबाई म्हणाली, पण तिचाही आवाज जरा खाली आला होता. "खेळून दाखवा. कंदिलाचा पूल."

तो पूल म्हणजे अख्ख्या जिन्यातल्या मुलांचं रडगाणं होतं. झुलत्या पुलावरून काचेचा कंदील न फोडता पलीकडे न्यायचा. आजवर कोणाचाही अर्ध्यापलीकडे गेला नव्हता. आत्याने कंट्रोलर घेतला, खुर्ची पुढे ओढली आणि पाठ ताठ केली. पाणघोड्याने नांगराला कंदील अडकवला. पूल डावीकडे गेला की ती थांबायची, मधे आला की दोन पावलं टाकायची. कंदील झोका घेऊ लागला की ती झोक्याच्या दिशेनेच किंचित सरकायची आणि झोका विरून जायचा. दादा नकळत खोक्यावरच बसला होता. पलीकडे पोचल्यावर तिने कंदील असा टेकवला की काचेचा किण्ण असा आवाजही झाला नाही.

"मान्य," वकीलीणबाई म्हणाली.

दादा उठला. ठिणगीसमोर गुडघे टेकून तो म्हणाला, "चुकलो गं. तू खरं बोलत होतीस आणि मी ऐकलं नाही." ठिणगीने त्याला मिठी मारली, पण बघत ती आत्याकडेच होती.

"म्हणजे ढब्बू आपला आपण सराव करत नव्हता," ती म्हणाली.

"नाही, राणी."

"आणि मला खोटारडी म्हणत होते, तेव्हा तू समोर बसली होतीस."

"बसले होते."

"का नाही बोललीस?"

"लाज वाटली. एवढी भाषणं ठोकली, आणि मलाच तो खेळ आवडायला लागला म्हणून."

ठिणगीने यावर खरोखर विचार केला. आत्याला काहीतरी भयंकर कारण असेल, असं तिला वाटलं होतं.

"एवढ्यासाठी?" ती म्हणाली.

आत्याला याहून मोठा बोल आयुष्यात कोणी लावला नव्हता. आपल्याला रडू येतंय हे तिने लपवलं नाही.

"मी काय करू म्हणजे तुझा राग जाईल?"

"राग जाऊ दे," ठिणगी म्हणाली. "जिन्यात सगळे मला थापाडी म्हणतात. तू सगळ्यांना सांगायचं. प्रत्येक दारात. आत्ता."

मग वरच्या मजल्यापासून सुरुवात झाली. पुढे आत्या, मागे ठिणगी, आणि कामकाज नीट पार पडतंय ना हे बघायला वकीलीणबाई. पहिल्या दारात आत्याचा आवाज फुटेना. "खेळत होते ती मी. ही खरं बोलत होती," एवढं पुटपुटून ती वळली. दुसऱ्या दारातल्या बाईंना नक्की कोणता खेळ ते हवं होतं. तिसऱ्या मजल्यावरचा न्हावी दाढीचा फेस घेऊनच बाहेर आला आणि म्हणाला, "कंदिलाचा पूल तुम्ही पार केलात? कसा?" आत्याने त्याला झोका कसा जिरवायचा ते हातवारे करून समजावलं, आणि ठिणगीला तिला दंडाला धरून ओढावं लागलं.

तळमजल्यावर एक पेन्शनर आजोबा राहायचे. त्यांना कमी ऐकू यायचं. ते रस्त्याच्या कडेला खुर्ची टाकून बसले होते आणि आजूबाजूला रविवारची बरीच माणसं होती. आत्याने त्यांना हळूच सांगितलं. आजोबांनी कानामागे हात धरला.

"त्यांना नाही ऐकू आलं," ठिणगी म्हणाली. "परत सांग."

आत्याने रस्त्याकडे बघितलं, ठिणगीकडे बघितलं आणि छातीत श्वास भरून घेतला. क्रेनवरून खालच्या माणसाला हाक मारायची तिची सवय त्या वेळी कामी आली.

"आजोबा! प्लास्टिकचा पाणघोडा घेऊन रोज दुपारी टीव्हीवर मी खेळते! मला फार आवडतं! माझी भाची खोटं बोलली नव्हती! खोटं माझं होतं!"

रस्ता थबकला. समोरच्या गॅलरीत दोन डोकी बाहेर आली. आजोबांनी सगळं नीट ऐकून घेतलं, मान हलवली आणि ठिणगीला म्हणाले, "तू खोटं बोललीस असं म्हणत कोण होतं?"

"आता कोणी नाही," ठिणगी म्हणाली, आणि तिने आत्याचा हात धरला.