कुसाबाईच्या पदरातली सुई

मी एक जुनी सुई आहे. थांबा मित्रांनो, लगेच शिंप्याच्या दुकानाकडे पाहू नका. मी कपडे शिवणारी सुई नव्हे. मी हार ओवणारी सुई. वीतभर लांब, अंगाने सडसडीत आणि स्वभावाने, खरं सांगायचं तर, जरा टोचरी. मला डोळा एकच, त्याला नेढं म्हणतात. एका डोळ्याने जेवढं दिसलं तेवढंच मी सांगणार आहे. त्यातलं बरंचसं मला अजूनही उमगलेलं नाही. तुम्ही शाळेत जाता, तुम्हाला उमगलं तर बरंच झालं.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला, ते आठवत नाही. तार ओढली, कापली, एका टोकाला अणी काढली, दुसऱ्या टोकाला भोक पाडलं, एवढंच पुसट आठवतं. पंचवटीतल्या एका पूजेच्या सामानाच्या दुकानातून मला गोजराबाईंनी घेतलं. त्यांच्या घरची फुलशेती मखमलाबादच्या पुढे. झेंडू, शेवंती, गुलछडी. पहाटे फुलं तोडायची आणि गंगेवर, म्हणजे आमच्या गोदावरीवर, जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला गोणपाट अंथरून हार विकायचे. गोजराबाईंच्या हातात मी अशी काही पळे की बघणारे थांबून बघत. दसऱ्याला तर मला श्वास घ्यायला फुरसत नसे. "बाई, सुई आहे का वीज?" असं एकदा एक गिऱ्हाईक म्हणालं होतं. ते मी अजून विसरलेले नाही. कौतुक कुणाला नको असतं?

पण गोजराबाईंना मात्र कौतुकाची भारी भीती. एका वर्षी शेवंती भरभरून आली होती, तेव्हा त्या सगळ्यांना सांगत सुटल्या, "यंदा आमची शेवंती बघाच!" दुसऱ्या दिवशी गारा पडल्या आणि मळा झोपला. तेव्हापासून घरात नियमच झाला. चांगलं काही व्हायचं असेल तर ते पदरात पडेपर्यंत तोंडातून काढायचं नाही. कुणी विचारलंच तर उलटं सांगायचं. माल चांगला असला तर "कसला माल, सगळा किडका", आणि पोर हुशार असलं तर "कसली हुशार, नुसती हुंदडतीय." म्हणजे नजर लागत नाही. मला हे पहिल्यापासून कोड्यात टाकत आलं आहे. मी जिथे टोचते तिथे टोचलं असंच म्हणते. पण माणसांचं काही सांगता येत नाही.

गोजराबाई गेल्या आणि मी त्यांची सून कुसाबाई हिच्या पदरात आले. पदरात म्हणजे खरोखर पदरात. काम थांबलं की ती मला खांद्यावरच्या निऱ्यांत खोचून ठेवते. मधली काही वर्षं वाईट गेली. प्लॅस्टिकचे हार आले, गाड्यांना आणि दुकानांना तेच लटकू लागले. मी फुटक्या डब्यात ओली पडून राहिले. पाठीवरचा हा गंजाचा डाग तेव्हाचा आहे.

त्या डब्यातून मला बाहेर काढलं हर्षालीने. हर्षाली ही कुसाबाईची मुलगी. तेव्हा ती शाळेत होती. विटेच्या भुकटीने तिने मला घासलं, खोबरेल लावलं आणि आईला म्हणाली, "आई, ही अजून चांगलीय की!" कुसाबाईला जवळचं नीट दिसत नाही. त्यामुळे रोज सकाळी दुकान मांडलं की माझ्या नेढ्यात दोरा घालून द्यायचं काम हर्षालीचं. दोरा ओवता ओवता तिचे प्रश्न चालू. गुलछडी संध्याकाळी का वास सोडते? झेंडू चार दिवस टिकतो, मग गुलाब का मान टाकतो? बर्फ लावलेली फुलं लवकर काळी का पडतात? कुसाबाई म्हणायची, "मला काय ठावं, फुलाला इचार." पोरीने ते फारच मनावर घेतलं. कॉलेजात शेतकीचं शिकली, आणि एक दिवस गोणपाटावर बसून म्हणाली, "आई, नेदरलँडला एक विद्यापीठ आहे. तोडलेली फुलं ताजी कशी ठेवायची, हेच शिकवतात. मी अर्ज करतेय. स्कॉलरशिपसकट."

कुसाबाईचा हात थांबला. मग ती हळूच म्हणाली, "कर. पण कुणाला बोलायचं नाय. मीनाला बी नाय." मीना म्हणजे शेजारची गजरेवाली. तिला चार दुकानं पलीकडचं कुजबुजलेलंही ऐकू येतं.

इथून माझा जो गोंधळ सुरू झाला, तो आजतागायत. हर्षाली मोबाईल गोणपाटावर ठेवायची आणि त्यातच सगळा अर्ज भरायची. कागद नाही, शाई नाही, टपाल नाही. "तुम्हाला हाच विषय का शिकायचा आहे?" असा काहीतरी प्रश्न होता. तिने लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. मला वाटलं, अगं, एवढं काय, माझ्या शेजारी बसून रोज जे विचारत होतीस तेच लिही ना! पण माझं ऐकतंय कोण? तिथे मुदत संपायची तारीख होती, पण ती त्यांच्या घड्याळाने. त्यांची दुपार म्हणजे आपली संध्याकाळ. हर्षाली बोटांवर मोजायची आणि चुकायची. मला तर आपली सकाळ तेवढी कळते, फुलं आली की.

सगळं भरून झालं, एक गोष्ट सोडून. तिच्या कॉलेजातल्या शुभांगी मॅडमनी तिच्याविषयी एक पत्र पाठवायचं होतं. ते हर्षालीने बघायचंही नव्हतं. विद्यापीठ मॅडमना परस्पर विचारणार आणि मॅडम परस्पर कळवणार. ते पत्र पोहोचल्याशिवाय अर्ज पुरा धरत नाहीत म्हणे. मॅडम तिला कॉलेजात "हो, नक्की देते" म्हणाल्या होत्या. त्यामुळे हर्षाली निवांत होती.

आणि मग तो मार्गशीर्षातला गुरुवार आला. गर्दी मरणाची. फुलांना नुसती झुंबड. हर्षाली परीक्षेला गेलेली. शुभांगी मॅडम नेहमीप्रमाणे फुलं घ्यायला आल्या, कुसाबाईला ओळखून हसल्या आणि सगळ्यांदेखत मोकळ्या आवाजात म्हणाल्या, "काय हो, हर्षाली परदेशी निघाली ना? मला मेल आलाय त्यांचा."

मीनाचे हात गजऱ्यावर जागच्या जागी थांबले. कुसाबाईच्या कपाळावर घाम आला. आणि मित्रांनो, माझ्या या एका डोळ्यादेखत ती म्हणाली, "नाय ओ मॅडम! कुठलं परदेस अन् काय! आमची कुठं तेवढी पोच? तिच्या लग्नाचं बघतोय आता."

मॅडमचं हसू मावळलं. "अरेच्चा! ठरलं का?"

"बघतोय. ह्याच वर्षी उरकायचं," कुसाबाई खाली मान घालून फुलं बांधत राहिली.

"बरं बरं," मॅडम म्हणाल्या. वेणी घेतली, फुलं घेतली आणि गेल्या. जाताना एकदा मागे वळून पाहिलं. मीना म्हणाली, "स्थळ कुठलं गं?" कुसाबाई तिच्यावर खेकसली, "तुला काय करायचंय?"

मी विचारात पडले. हे उलटं सांगणं रोजचंच होतं, घरचा नियम होता. पण नियम पाळल्यावर माणसाला बरं वाटायला हवं ना? कुसाबाईला बरं वाटत नव्हतं. त्या दुपारी तिने चार वेळा हार उसवला.

पुढे काय झालं असेल, ते तुम्हाला कळलंच असेल. मॅडमना वाटलं, घरच्यांनी बेत मोडला. पोरीला विचारून तिच्या जखमेवर मीठ कशाला चोळा? त्यांनी पत्र पाठवलंच नाही. इकडे मुदत उद्यावर आली तरी अर्ज अपुराच. हर्षालीने भीत भीत मॅडमना निरोप पाठवला. उत्तर आलं, "आधी घरी नीट बोलून घे बेटा, मग बघू."

हर्षाली दुकानावर आली, गोणपाटावर बसली आणि मोबाईल आईसमोर धरून म्हणाली, "घरी काय बोलू, आई? घरी तर माझं जायचं ठरलंय. मला कळतच नाही. त्यांना माझ्याबद्दल चांगलं लिहावंसंच वाटत नसणार. तसं तोंडावर कसं सांगणार, म्हणून असं म्हणाल्या. मी एवढी का गं वाईट आहे?"

कुसाबाई हार ओवत होती. तिचं बोट कुठे होतं आणि मी कुठे होते, तिचं तिला भान नव्हतं. मी खोलवर घुसले. रक्त आलं. ते पिवळ्या झेंडूवर पडलं. मला वाईट वाटलं, पण खोटं कशाला बोलू, थोडं बरंही वाटलं.

"दुकान बघ," एवढंच म्हणून कुसाबाई उठली. अर्धा ओवलेला हार तिच्या हातात तसाच, मी त्याच्या टोकाला लोंबकळत. समोरून आलेल्या रिक्षात बसली आणि कॉलेजचं नाव सांगितलं.

पोरगी तिथे इतकी वर्षं शिकली, पण कुसाबाई फाटकाच्या आत कधी गेली नव्हती. शिपायाने हार पाहिला आणि विचारलं, "सत्कार कुणाचा आहे?" तिने न कळून मान हलवली. तो म्हणाला, "हॉलमध्ये द्या नेऊन." असा त्या हाराने आम्हाला आत घेतलं. विचारत विचारत आम्ही शुभांगी मॅडमच्या खोलीत पोहोचलो. मॅडम उठून उभ्या राहिल्या. "अहो, हार कशाला?"

"हार नाय, मॅडम. मी खोटं बोलले." कुसाबाई उभीच होती. "लग्न नाय, काय नाय. पोरगी चाललीय. मीना बसली होती, चार लोकं होती, नजर लागंल म्हणून बोलले."

 मॅडमनी खुर्ची पुढे केली, पण कुसाबाई बसली नाही.

"नजरेपायी बोलले हे खरंय," ती पुढे म्हणाली. "पण मॅडम, लग्नाचं तोंडात कसं आलं? ते तर कुणी इचारलं नव्हतं. मला वाटतंय का, की तिनं जाऊ नये? इथंच कुठं दिली तर डोळ्यापुढं राहील, असं मनात असंल का माझ्या? रात्रंदिस तेच डोक्यात. मलाच कळंना झालंय."

मलाही कळत नव्हतं, मित्रांनो. मी तर तिच्या पदरात राहते. तरी मला कळत नव्हतं.

मॅडमनी खुर्ची मागे सारली. त्यांच्या टेबलावर संगणक होता, त्यावर हात ठेवून त्या म्हणाल्या, "ताई, पत्र अजून पाठवता येईल. उद्यापर्यंत वेळ आहे. पण आता तुम्हीच सांगा, काय करू?"

 कुसाबाईने हाराच्या दोऱ्याला बोटाभोवती एक वेढा दिला, दुसरा दिला. टोचलेलं बोट पांढरं पडलं.

"लिहा," ती म्हणाली. "लय हुशार हाय माझी लेक, असं लिहा. बारकी होती तवापासून फुलाला प्रश्न इचारती, असं लिहा. मी उभ्या जल्मात कधी म्हणले नाय, तुम्ही तरी लिहा." आणि ती रडू लागली. मॅडमनी तिला पाणी दिलं आणि तिच्यासमोर बसूनच पत्र लिहिलं.

संध्याकाळी हर्षाली मोबाईल नाचवत ओरडली, "आई, आलं! पुरा झाला अर्ज! मॅडमना काय झालं असेल अचानक?" कुसाबाईने सगळं सांगून टाकलं. हर्षालीचा चेहरा उतरला, मग लाल झाला. "माझ्या लग्नाचं सांगितलंस? मॅडमला?" त्या दिवशी ती आईशी पुढे अवाक्षर बोलली नाही. मला धास्ती बसली. दुसऱ्या दिवशी दुकान मांडलं, कुसाबाई डोळे बारीक करून दोरा माझ्या नेढ्याशी नेत होती, चुकत होती. हर्षालीने मला तिच्या हातातून घेतलं, दोरा ओवला आणि परत दिलं.

उन्हाळ्यात निरोप आला, जागा मिळाली आणि स्कॉलरशिपही. जायच्या सकाळी हर्षाली टॅक्सी थांबवून दुकानावर उतरली. घरी सगळा निरोप झाला होता, वडिलांनी डोक्यावरून हातही फिरवला होता. तरी आली. मला कोरडं पुसलं, दोऱ्याच्या रिळात नीट खोचलं आणि आईला म्हणाली, "येते."

आता मी म्हातारी झाले आहे. अणी बोथट होत चालली आहे. मित्रांनो, तुमच्या घरी अशी एखादी सुई असेल तर तिला ओली टाकू नका, पुसून रिळात खोचा. आणि घरातल्या कुणाविषयी चांगलं बोलायचं मनात राहिलं असेल, तर नजरेला भिऊन ते गिळू नका. मीठमिरच्या नंतर ओवाळता येतात. मी साधी सुई, मी काय शिकवणार म्हणा. आई खोटं बोलली ती नजरेपायी की मायेपायी, तेही मला अजून ठरवता आलेलं नाही.

परवाच एक गिऱ्हाईक विचारत होतं, "बाई, लेक दिसत नाही हल्ली?"

कुसाबाईने मान वर केली. मीनाला ऐकू जाईल, पलीकडच्या चार दुकानांना ऐकू जाईल, इतक्या मोठ्याने ती म्हणाली, "परदेसात गेलीय शिकायला. लय हुशार हाय!"

गिऱ्हाईक गेलं. कुसाबाईने पदर डोळ्यांना लावला. मीनाने विचारलं, "काय झालं गं?"

"काय नाय. सुई टोचली."

मित्रांनो, मी तेव्हा रिळात होते.