टॅबिथाच्या माळ्यावर

"नवरा फार दयाळू हो तुझा! विधवा टॅबिथाकडे टोपल्या पोचवतो!" मासळीबाजारात कोळीण म्हणाली आणि बाकीच्या फिदीफिदी हसल्या. मेहिटेबलच्या अंगाचा तिळपापड झाला.

तिचा नवरा जेडिडाया हॅस्केट म्हणजे अमेरिकेतल्या न्यूबरीपोर्ट बंदराचं बडं प्रस्थ. गलबतांचा मालक, प्रांतसभेतला प्रतिनिधी. इंग्रजांशी लढाई जुंपल्यापासून राजाच्या माणसांना हुडकणाऱ्या समितीचा प्रमुखही तोच. सख्खा भाऊ एनॉस राजाच्या बाजूचा निघाला, तेव्हा भर सभेत त्यानं सांगितलं होतं, "तो इंग्रजांच्या हॅलिफॅक्सला पळाला. माझ्यापुरता तो मेला."

शनिवारी मेहिटेबलनं नवऱ्याच्या टोपलीवरचं फडकं उचललं. मक्याची भाकरी, खारवलेलं डुकराचं मांस, आणि तिनंच विणलेले लोकरी मोजे.

"टॅबिथाचे फार हाल आहेत गं," जेडिडाया म्हणाला.

"म्हणून ती पुरुषाचे मोजे घालते?"

तो टोपली उचलून चालता झाला. ती मागोमाग निघाली.

टॅबिथानं दार उघडलं, आणि तिचं तोंड पांढरंफटक पडलं. माळ्यावर कुणीतरी खोकलं. मेहिटेबल तरातरा शिडी चढली. वर जेडिडाया गुडघे टेकून एनॉसच्या सुजलेल्या पायावर मोजा चढवत होता.

"वहिनी!" एनॉस पुटपुटला.

तिला हायसं वाटलं, हसूच येणार होतं. पण जेडिडायाची नजर थंड होती.

"ओबेडला सांगणार?"

ओबेड तिचा भाऊ. समितीतलाच. त्याचा मुलगा इंग्रजांच्या गोळीनं गेला होता.

"इतकी वर्षं संसार केला तुमच्याबरोबर, आणि हे विचारता?"

"पाळत तू ठेवलीस माझ्यावर. मी काय समजू?"



पुढच्या धुकट सकाळी तिनं एनॉसला आपला झगा नि तोंड झाकणारं बॉनेट चढवलं आणि हाताला धरून धक्क्यावर नेलं. होडीपाशीच ओबेड उभा होता.

"ही कोण गं?"

"टॅबिथाची नणंद. आजारी आहे. घरी परत चाललीय."

ओबेडनं बॉनेटखाली वाकून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग बाजूला सरला. "जपा हं, बाई. पाणी खवळलंय."

होडी धुक्यात दिसेनाशी झाली.

"ओबेड धक्क्यावर होता म्हणे. काय म्हणाला?" घरी जेडिडायानं विचारलं.

"काही नाही."

"काहीच नाही? की त्याला आधीच ठाऊक होतं?"

पुढे एनॉस हॅलिफॅक्सला सुखरूप पोचल्याचं कळलं. जेडिडाया पुन्हा निवडूनही आला. ओबेड रविवारी जेवायला यायचा, पोटभर जेवायचा, एनॉसचं नावही काढायचा नाही. तो गेला की जेडिडाया दाराची कडी लावायचा आणि बायकोकडे बघत राहायचा. मेहिटेबल खाली मान घालून ताटं उचलायची.