बंद केलेलं दार उघडायचंच

प्राणिसंग्रहालयात वाघ नुसता शिंकला तरी वरून फोन येतो. पाणमांजर उपाशी राहिलं तर फक्त सुनंदा उपाशी राहते. ही काही तिची तक्रार नव्हती, पण जगाची रीत तिला पुरती ठाऊक झाली होती.

तिच्या हुद्द्याचं नाव मोठं ऐसपैस होतं: जलचर आणि विशेष प्राणी निगा विभागप्रमुख. जलचर म्हणजे पाणघोडे, मगरी, कासवं आणि पाणमांजरं. विशेष म्हणजे ज्यांना दुसऱ्या कुठल्याच विभागाने दारात उभं केलं नाही ते. एक आंधळं साळिंदर, पंख मोडलेला करकोचा, असली मंडळी. आणि प्रमुख म्हणाल, तर हाताखाली मोजकी माणसं आणि डोक्यावर भाराभर. सुनंदा मूळची निपाणीची, लग्न होऊन राजाजीनगरात आलेली. रोज सकाळी दोन बस बदलून, अख्खं बेंगळुरू ओलांडून ती शहराच्या दक्षिण टोकाला पोचायची आणि आधी पाणमांजरांच्या तळ्याशी जायची. घड्याळात हजेरी त्याच्यानंतर.

तिथला कीपर नागराज अथणीचा. पाणमांजराला कन्नडमध्ये नीरनायी म्हणतात, म्हणजे पाण्यातलं कुत्रं. यावरून दोघांची रोजची थट्टा ठरलेली.

"अक्का, तुमचं मांजर आज लई भांडालंय बघा."

"चावलं की माझं मांजर आणि शेपूट हलवलं की तुझं कुत्रं, होय रे?"

तळ्यात जोडी होती. मादी तुंगा, नर भद्रा. नराला नदीचं नाव कसं, असं कुणी विचारलं की नागराज म्हणायचा, भद्रण्णा म्हणा की मग. दोघं वेगवेगळ्या गावांहून आलेली, आईविना सापडलेली पिल्लं. एकाच पिंजऱ्यात वाढली आणि पुढे एकमेकांच्या मानेवर मान टाकून झोपू लागली. एक पाण्यात उतरलं की दुसरं उतरायचंच. पिल्लं मात्र झाली नाहीत. दोष भद्रात आहे, असं डॉक्टरांनी तपासून सांगितलं होतं.

पूर्वी तपासायचं म्हणजे जाळं टाकायचं. जाळ्यात पाणमांजर असं झुंजतं की बघवत नाही. एकदा तुंगाचा दात तुटला, तेव्हा सुनंदानं जाळं अडगळीत टाकलं आणि सरकत्या दाराचं एक क्रेट तळ्याकाठी आणून ठेवलं. दार उघडं, आत मासा. शिट्टी वाजली, तुंगा आत गेली की दार क्षणभर बंद, लगेच उघडं. हळूहळू क्षणाचे दोन झाले. मग क्रेट ढकलगाडीवर चढू लागलं, वजनकाट्यापर्यंत जाऊन परत येऊ लागलं. याला वर्ष गेलं. शेवटी शेवटी तुंगा शिट्टी ऐकताच पाण्यातून अशी धावत यायची की बघणारी माणसं टाळ्या वाजवत.

या सगळ्यात सुनंदाचा एकच नियम होता. बंद केलेलं दार उघडायचंच. आपल्या हातानं, तिच्या डोळ्यांसमोर, होतं त्याच जागी. एकदा दार बंद असताना नागराजला घरून फोन आला आणि तो बोलत राहिला. तुंगा आतून ओरडू लागली. सुनंदानं त्या दिवशी त्याला असं झापलं, की तो पुढे दोन दिवस तिच्याशी कामापुरतंच बोलत होता.

"तिनं आपल्या भरवशावर मान आत घातली," ती म्हणाली होती. "तो भरवसा एकदा गेला, तर मी कुठल्या तोंडानं शिट्टी वाजवू?"

भद्रा मात्र कधीच आत गेला नाही. भित्रा गडी. पुढचे दोन पाय आत टाकून मासा ओढायचा आणि मागच्या मागे पळायचा. तुंगा आत असली की तो क्रेटला खेटून बसायचा, बारीक आवाजात तिला हाका मारायचा आणि ती बाहेर आली की नाकापासून शेपटीपर्यंत तिला हुंगून घ्यायचा. अख्खं माणूस परत आलंय ना, याची खात्री करावी तसा.

उन्हाळ्याच्या तोंडावर संचालक हयवदन यांनी सुनंदाला बोलावलं. माणूस भला. चहा मागवला, घरची चौकशी केली.

"तुंगाला पाठवायचंय," ते म्हणाले. उत्तरेतल्या एका प्राणिसंग्रहालयात एकटा नर होता, चांगल्या वाणाचा. पाणमांजरं नद्यांतून कमी होत चालली आहेत, तुंगा तरुण आहे, इथं तिची वर्षं फुकट जातायत. वरून मंजुरी आली होती.

"मग दोघांना पाठवा, सर."

"तो नर भद्राला फाडून ठेवील."

"मग त्या नरालाच इथं आणा."

"इथं भद्रा आहे. तेच होणार."

त्यांच्याकडे प्रत्येक गोष्टीचं उत्तर होतं आणि एकही उत्तर चुकीचं नव्हतं. चुकणाऱ्या माणसाशी भांडता येतं. बरोबर असणाऱ्याशी कसं भांडावं, हे सुनंदाला कुणी शिकवलं नव्हतं. उठता उठता हयवदन कौतुकानं म्हणाले, "तुमच्यामुळे सोपं झालं बघा. जाळं नको, इंजेक्शन नको. ती आपणहून क्रेटमध्ये जाईल. बाकीच्यांनी तुमच्याकडून शिकावं." सुनंदानं थँक्यू म्हटलं आणि बाहेर येऊन नळाखाली तोंड धुतलं.

शिट्टी न वाजवता तुंगाला नेण्याचा मार्ग ती शोधत राहिली. डॉक्टर म्हणाले, भुलीत पाणमांजराचा श्वास कधी थांबेल याचा नेम नाही, त्यातून हा उकाडा. जाळं टाकावं तर पुन्हा तीच झुंज आणि मग त्या अवस्थेत एवढा लांबचा प्रवास. इकडे आड, तिकडे विहीर. मधे तेवढी तिची शिट्टी होती, सुरक्षित आणि सोपी. केसानं गळा कापणं म्हणतात ते याहून वेगळं काय असतं?

घरी उल्हासनं, तिच्या नवऱ्यानं, तिला हसवायचा प्रयत्न केला. "अगं, लेकीला सासरी धाडल्यागत काय करतीस? चांगलं स्थळ आलंय म्हण."

"लेकीला सांगून धाडतात," ती म्हणाली. त्यावर त्यानं तिच्या डब्यात चपात्या भरल्या.

तुंगाला न्यायची गाडी सकाळीच आली. सुनंदा तळ्याशी उभी राहिली. मनातून ती एकच मागत होती: आज तुंगानं येऊ नये. जनावर आहे, कधी लहर फिरते. ती आली नाही तर गाडी आज तरी परत जाईल, पुढचं पुढं.

नागराज हात मागे बांधून उभा होता. "अक्का, मी दार लावणार नाही. नोकरी गेली तर जाऊ दे."

"तुला कोण सांगतंय लावायला?"

"आज नको की. स्वल्प दिवस थांबूया."

"थांबून काय होणार रे, नागराज?"

 

तिनं शिट्टी वाजवली, वाजली न वाजलीशी, अगदी हळू. तुंगानं पाण्यातून डोकं वर काढलं आणि धावत सुटली. क्रेटमध्ये नेहमीचा कटला मासा नव्हता, तिच्या आवडीची मरळ होती आज. ती थेट आत गेली, मासा दोन्ही पंजांत धरला आणि शहाण्या मुलीसारखी दाराकडे तोंड करून बसली. सुनंदानं दार सरकवलं. हात थरथरला नाही, याचा तिला नंतर फार राग आला.

भद्रा बाहेरून क्रेटला खेटून हाका मारत होता. क्रेट ढकलगाडीवर चढलं, कुंपणाचं फाटक लागलं आणि तो आत राहिला. वजनकाटा आला. इथून ढकलगाडी रोज मागे वळायची. तुंगा मासा संपवून उभी राहिली, दाराशी नाक लावून तयार झाली. गाडी वळली नाही. सुनंदाला वाटलं, आता ओरडेल. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. पण तुंगा मोठ्या गाडीत चढेपर्यंत एकदाही ओरडली नाही. दार उघडणार याची तिला खात्री होती.

नागराज जवळच होता.  तिनं त्याला त्या फोनच्या दिवशी जे जे ऐकवलं होतं, त्यातला एखादा शब्द तरी त्यानं परत करायला हवा होता, असं तिला वाटत राहिलं.

पुढचे दिवस भद्रानं तळं पालथं घातलं. प्रत्येक दगडाखाली, प्रत्येक ढोलीत जाऊन आला. मग फाटकाशी बसून हाका मारू लागला. मासे तसेच पडून राहायचे, कावळे नेऊ लागले. रविवारी एचएसआर लेआउटकडची मराठी मंडळी कठड्याशी आली. त्यातली एक बाई कौतुकानं म्हणाली, "अय्या, बघा ना, कित्ती गोड शिट्टी वाजवतंय! आपल्याला बोलावतंय वाटतं." सुनंदा तिथंच होती. आपली भाषा ऐकून एरवी ती दोन शब्द बोलली असती. त्या दिवशी ती मगरींकडे निघून गेली.

तिकडून फोन आला. तुंगा छान रुळली होती, खात होती, नव्या नराबरोबर पोहतही होती. सुनंदानं दोनदा विचारून खात्री करून घेतली. तिला खरंच आनंद झाला आणि त्या आनंदाचीच लाज वाटून ती खाद्याच्या खोलीत जाऊन रडली. हयवदन यांनाही तिनं गाठलं. भद्राला सोबत हवी, एखादी म्हातारी मादीसुद्धा चालेल. त्यांनी मनापासून ऐकलं, कुठं कुठं विचारतो म्हणाले आणि विचारलंही. कुणाकडे नव्हती. डॉक्टरांनी औषध दिलं. औषध माशात घालायचं होतं आणि भद्रा मासा खात नव्हता.

मग एक दिवस रिकामं क्रेट परत आलं. नागराजनं ते धुतलं आणि वाळायला म्हणून सवयीनं नेहमीच्या जागी, तळ्याकाठी ठेवलं. दार उघडंच होतं. आत काही ठेवलं नव्हतं.

"अक्का!" त्याची हाक ऐकून सुनंदा धावत आली.

भद्रा क्रेटपाशी होता. त्यानं उंबरा हुंगला, आत डोकं घातलं. पुढचे पाय टाकले. सुनंदा सवयीनं वाट बघत राहिली, आता मागे पळेल. त्यानं मागचे पायही आत घेतले. आत वळला आणि दाराकडे तोंड करून बसला, तुंगा बसायची तसाच. वर्षभर मासे दाखवून जे जमलं नव्हतं, ते आज त्यानं कुणी न बोलावता केलं.

सुनंदानं शिट्टी वाजवली. तो हलला नाही. तिनं बाहेर मरळ ठेवली. त्यानं मरळीकडे पाहिलंही नाही, तो सरकत्या दाराकडे बघत होता. बारीक आवाजात हाका मारत होता. आज मात्र त्या हाका फाटकाकडे नव्हत्या, सुनंदाला होत्या.

"दार लावा म्हणतोय तो," नागराज म्हणाला.  "त्याला वाटतंय, दार लागलं की तिच्याकडं नेतात."

 सुनंदानं दार सरकवलं. भद्रा त्या क्षणी गप्प झाला. किती दिवसांनी तळं शांत झालं. तो अंग आवरून बसला, ढकलगाडी यायची वाट बघत.

गाडी कुठून यायची आणि कुठं न्यायची?  विभागप्रमुख तीच होती. आणि तिच्या हातात, आज काय आणि उद्या काय, ते एक दार होतं.

नियम तिचाच होता. तिनं वाकून दार उघडलं, आपल्या हातानं, त्याच्या डोळ्यांसमोर, होतं त्याच जागी. बाहेर पाणी होतं, ऊन होतं, मरळ पडली होती.

भद्रा बाहेर आला नाही.