एका व्हॉल्यूमची वाटणी

"खरा न्याय म्हणजे दोघांना तंतोतंत सारखं!" असं साऱ्या औंधला ऐकू जाईल अशा आवाजात जाहीर करून नाथाजीनं संगणकाचं झाकण उघडलं, आतली एक डिस्क धाकट्या भावाच्या, अमृतच्या हातावर ठेवली आणि दुसरी स्वतःच्या खिशात घातली. फोटो स्टुडिओची वाटणी पुरी झाली. अमृतनं विट्यात वेगळं दुकान थाटलं. आणि आठवडा सरायच्या आत न्याय फळाला आला. दोघांनाही तंतोतंत सारखं मिळालं, म्हणजे काहीच नाही. दोन्ही डिस्का उघडेनात.

एरवी नाथाजीनं हे मुकाट गिळलं असतं. पण समोर खुर्चीत हवालदार भाऊसो बसला होता. लेकीच्या, सृष्टीच्या लग्नाला त्याला रजा मिळाली नव्हती. आता मिळाली होती, आणि उद्या संपत होती. लग्नाचं सगळं शूटिंग त्या डिस्कांत होतं; दुसरीकडं कुठंच नव्हतं.

नाथाजीनं कराडहून रेश्माला बोलावलं. लिनक्स घालून तो संगणक मुळात तिनंच बसवून दिला होता.

"काका, पहिली डिस्क भरली तवा तुमीच म्हणालात, जागा वाढव. मी दुसरी जोडून दोन्हींचा मिळून एक लॉजिकल व्हॉल्यूम केला. मधला बांध मोडून दोन रानांचं एक रान केलं म्हणा. त्यातलं अर्धं तुमी विट्याला धाडलंय."

"मग माझ्या अर्ध्यात अर्धं लगीन तरी दिसंल की."

"न्हाई दिसायचं. दोघी एका जागी आल्याबिगर ते उघडतच न्हाई."

"लय मानी हाय," नाथाजी म्हणाला. कुणाबद्दल, ते त्यानं सांगितलं नाही.

फोन शेवटी भाऊसोनंच लावला. अमृत आला तो डिस्क टॉवेलात गुंडाळून. भावाकडं न बघता त्यानं ती रेश्माच्या हाती दिली.

"हिला काय केलं न्हाईसा न्हवं?" तिनं विचारलं.

"दुकानातल्या कॉम्प्युटरला लावली, की समदं पुसून फॉरमॅट करू का म्हणून इचारतंय. रोज."

रेश्माचा हात थांबला. भाऊसो खुर्चीतून अर्धा उठला.

"मग?"

"मग काय?" अमृत भिंतीवरच्या घड्याळाकडं बघत म्हणाला, "दादाला इचारल्याबिगर कवा काय दाबलंय का मी?"

नाथाजीला एकाएकी कॅमेऱ्याची लेन्स पुसायची आठवण झाली. लेन्स लख्ख होती. तरी तो ती बराच वेळ पुसत राहिला.

"आधी कंची लावायची?" मग त्यानं घसा खाकरून विचारलं. "थोरली का धाकटी?"

"कशीबी लावा. त्यास्नी एकमेकींची वळख असतीया."

रेश्मानं दोन ओळी टाइप केल्या, आणि पडद्यावर मांडव उभा राहिला. भाऊसोनं टोपी काढून मांडीवर ठेवली, खुर्ची पुढं ओढली. मंगलाष्टका सुरू झाल्या. दोघे भाऊ खुर्चीच्या दोन बाजूंना उभे राहिले. कुणी कुणाला बस म्हणालं नाही, कुणी गेलंही नाही.

भाऊसोनं पडद्यावरची नजर न काढता हात जोडले.

"लय उपकार झालं गड्या तुमचं. पोरी, तुझंबी. लेकीच्या डोक्यावर अक्षता पडताना बघायला मिळतंय, आता काय मागणं न्हाई."

भाऊसो मान डावीकडं कलवून, मग उजवीकडं कलवून बघत राहिला.

"तेवढा ह्यो म्होरचा फेटेवाला जरा बाजूला सरकवता का?"