लग्नपत्रिकांच्या मागची इंग्रजी

सांगून ठेवते, मी भांडखोर नाही. पण पस्तीस वर्षं एका ट्रंकेनं माही खोली अडवून ठेवली, तं बाईमाणूस किती गप बसणार?

आमचे हे, गुणाकरराव, बालाघाटच्या कॉलेजात इंग्रजी शिकवत. हजार वर्षांपूर्वीची इंग्रजी, तिचे मेलेले शब्द, मोडीत निघालेली स्पेलिंगं, हा यांचा शौक. वहीवर लिहितील तं शपथ! लग्नपत्रिका कापायची, कोऱ्या बाजूवर एक शब्द लिहायचा अन् ट्रंकेत टाकायचा. परसवाड्याचं लग्न असो की बिरश्याचं, पत्रिका माह्या हाती येण्याआधी यांची कैची तयार.

आता नात ऋता दहावीले आली, तिले टेबल पाहिजे. मी रद्दीवाल्याले बोलावलं. हे ट्रंकेपाशी खुर्ची ओढून बसले, जेवणालेही उठले नाहीत. पण मी म्हणलं, आता माघार नाही.

गठ्ठे काढता काढता एक पत्रिका वर डोकावली. बाकी सगळ्या कापलेल्या, हीच अख्खी. माह्या भावाच्या, तेजरामच्या लग्नाची. वर माह्या वडलांच्या, बापूंच्या हातचं, 'सौ. अलकनंदा व जावईबापू यांस.' दोन वर्ग शिकलेला खैरलांजीचा शेतकरी, लिहायचा कधी? त्या लग्नानंतर महिन्याभरात बापू गेले. त्यांच्या हातची एक ओळ सापडंल म्हणून मी किती पेट्या उपसल्या होत्या, कोणाले न सांगता.

"ही काहून नाही कापली?"

"हिंमत नाही झाली."

"अन् मागं काय लिहून ठेवलंय?"

"एकर. मांडवात बापूंनी विचारलं होतं, जावईबापू, हा एकर शब्द कोणाचा? मी म्हणलं, पाहून सांगतो." त्यांनी चष्मा पुसला. "जुन्या इंग्रजीत एकर म्हणजे नुसतं शेत. लहान असो की मोठं. माप मागून आलं. जुनं एक स्पेलिंग तं ए-के-ई-आर, थेट बापू म्हणत तसं. सांगायचं मात्र राहून गेलं."

फाटकाशी रद्दीवाला हाका मारून राह्यलता. मी ओरडले, "जा बाबा, काही नाही द्यायचं!" ऋताचं टेबल देवघरापाशी लागंल.

मग यांच्याजवळ खालीच बसले. पत्रिका मांडीवर घेतली, बापूंच्या अक्षरावरून बोट फिरवलं. रडू आलं, येऊ दिलं.

"सांगा मले," म्हणलं. "बापूले सांगणार होते तसं, सुरुवातीपासून."